गाणे वस्तीचे, सातबारा कुणाच्या नावावर?

१२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री हिंदी ‘बिग बॉस’च्या सोळाव्या पर्वाचा निकाल लागला आणि पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा तेवीस वर्षांचा पोरगा जिंकला. अल्ताफ शेख त्याचे नाव. लोक त्याला एम. सी. स्टॅन म्हणून ओळखतात. ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक मोटार त्याला बक्षीस मिळाली. दुसऱ्या क्रमांकावर अमरावतीचा शिव ठाकरे होता. दुसऱ्या दिवशी पांढरपेशा घरांतून एकच प्रश्न विचारला जात होता: हा कोण? ज्यांनी मोबाईलवरून मते देऊन त्याला निवडून आणले, त्यांना मात्र हा प्रश्न पडला नाही.

आमच्या राहूतल्या पोरांनाही तो पडला नाही. राहू हे दौंड तालुक्यातले गाव. भीमा आणि मुळा-मुठा या नद्यांच्या मधला हा ऊस आणि गुऱ्हाळांचा पट्टा. लोक त्याला राहू बेट म्हणतात. भीमेच्या वरच्या अंगाला कोरेगाव. १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आमच्या वस्तीतली लहानथोर मंडळी निघतात. अशा या गावात ऊसाच्या ट्रॅक्टरवर, गुऱ्हाळाच्या चुलवाणाशेजारी, समाजमंदिराच्या पायऱ्यांवर स्टॅनची गाणी वाजताना आम्ही ऐकतो. पोरांना ती तोंडपाठ आहेत. आमच्या वयाच्या कार्यकर्त्यांना हे आवडत नाही. महाकवी वामनदादांची गाणी ऐकलेल्या कानांनी हा कल्ला का ऐकायचा, असा त्यांचा सवाल असतो. सवाल समजण्यासारखा आहे. पण सवाल विचारून पाठ फिरवणे हे चळवळीचे काम नव्हे. वस्तीतली पोरे ज्याच्याकडे बघून स्वप्ने रंगवतात, त्या माणसाची वाटचाल तपासून बघणे आणि त्यात आपले काय, परके काय, हे पोरांना सांगणे हे चळवळीचे काम आहे. आम्ही वकिलीच्या धंद्यात आहोत, त्यामुळे ही वाटचाल आम्हाला कागदाच्या अंगानेही बघावीशी वाटते.

ताडीवाला रोड म्हणजे पुणे स्टेशनच्या मागची वस्ती. एका अंगाला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या अंगाला मुळा-मुठा. तीच नदी शहराची घाण पोटात घेऊन पुढे आमच्या राहू बेटाकडे येते. बौद्ध, मातंग, मुस्लिम अशी कष्टकरी माणसे तिथे दाटीवाटीने राहतात. पुण्याची ओळख करून देणारी जी पुस्तके निघतात, त्यांत शनिवारवाडा असतो, पेठा असतात, सवाई गंधर्व असतो; ताडीवाला रोड नसतो. पुणे ही सांस्कृतिक राजधानी असेल, तर या वस्तीला त्या राजधानीत मतदानापुरती जागा आहे.

या वस्तीतून स्टॅन आला. लहानपणी तो कव्वाली गायचा, असे त्याच्याबद्दल सांगितले जाते. पुढे रॅपकडे वळला. ‘अस्तगफिरुल्लाह’ हे गाणे आले. हा क्षमायाचनेचा अरबी शब्द आहे. २०१९ मध्ये ‘खुजा मत’ आले आणि मुंबईच्या रॅपरांना पुण्यातल्या या पोराची दखल घ्यावी लागली. २०२० मध्ये ‘तडीपार’ हा त्याचा गाण्यांचा संग्रह निघाला, २०२२ मध्ये ‘इन्सान’. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ‘बिग बॉस’च्या घरात गेला आणि जिंकून बाहेर आला. मग देशभर दौरा. मार्च २०२३ मध्ये इंदूरच्या कार्यक्रमात करणी सेनेची माणसे व्यासपीठावर चढली आणि कार्यक्रम बंद पडला. कारण दिले गेले ते गाण्यातल्या शिव्यांचे. त्याच वर्षी ‘फर्रे’ या हिंदी चित्रपटात त्याचा आवाज आला. वस्तीपासून सिनेमापर्यंतचा हा रस्ता त्याने पाच-सहा वर्षांत कापला. ना घराणे, ना गुरुकुल, ना आकाशवाणीची मान्यता. मोबाईल, इंटरनेट आणि वस्तीची जीभ एवढेच भांडवल.

या वाटचालीतला ‘तडीपार’ हा शब्द आम्हाला थांबवतो. गाण्याच्या संग्रहाला एखादा कवी ‘चांदणे’ नाव देईल, ‘मोरपीस’ देईल. वस्तीतल्या वीस-एकवीस वर्षांच्या पोराला ‘तडीपार’ हे नाव सुचते, याचा अर्थ तो शब्द त्याच्या गल्लीत रोज बोलला जातो. मुंबई पोलीस कायदा १९५१, आता ज्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, त्याच्या कलम ५५, ५६ आणि ५७ मध्ये हद्दपारीची तरतूद आहे. न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावा लागतोच असे नाही. माणूस गुन्हे करतो आणि साक्षीदार भीतीपोटी उघडपणे पुढे येत नाहीत, असे अधिकाऱ्याला वाटले तरी कलम ५६ लागू शकते, आणि माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येते. सणवार आले, निवडणूक आली, की याद्या निघतात. या याद्यांत कोणत्या वस्त्यांची नावे अधिक असतात, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. बंगल्यांच्या सोसायटीतला पोरगा तडीपार झाल्याचे आमच्या वकिलीत आम्ही पाहिलेले नाही.

जालन्याच्या दीपक डोंगरे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी हद्दपारीचा हुकूम रद्द केला. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, संविधानाच्या कलम १९(१)(ड) ने दिलेल्या देशभर फिरण्याच्या हक्काला तो कात्री लावतो, म्हणून तो क्वचितच आणि पूर्ण विचार करून वापरावा, असे न्यायालयाने बजावले. कलम ५९ नुसार आरोपांचे स्वरूप लेखी कळवून माणसाला बाजू मांडू द्यावी लागते आणि कलम ६० नुसार तीस दिवसांत सरकारकडे अपील करता येते. ‘तडीपार’ हे गाणे ज्यांना पाठ आहे, त्यांपैकी किती पोरांना हे दोन कलमांचे आकडे ठाऊक असतील? गाणे पोराला सांगते, की तुझ्यावर अन्याय झाला. पुढचे काम वकिलाचे आणि कार्यकर्त्याचे आहे.

आता त्याच्या भाषेकडे येऊ. ‘बिग बॉस’च्या घरात त्याने ‘शेमडी’ हा शब्द वापरला आणि उत्तरेतले प्रेक्षक त्याचा अर्थ शोधू लागले. आपल्याकडे आजी नातवंडाला शेंबडी म्हणते, त्याचाच हा भाऊबंद. स्टॅनची हिंदी ही दिल्लीची नाही, लखनौची नाही. मराठी, दखनी आणि पुण्याच्या गल्लीबोळातली बोली यांच्या सरमिसळीतून ती झाली आहे. शुद्धतेच्या तराजूत या भाषेचे वजन शून्य. पण शुद्ध-अशुद्ध हा तराजू कुणी बनवला आणि त्यात आधी कुणाला तोलले, हे आपल्याला चांगले माहीत आहे. अण्णा भाऊंच्या लेखणीला, दलित कवितेला, नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ मध्ये हाच तराजू दाखवला गेला होता.

स्टॅन कव्वालीतून आला, ही गोष्टही आपल्या माणसांनी ध्यानात घ्यावी. कव्वाली ही आंबेडकरी गायनपरंपरेला परकी नाही. श्रावण यशवंते, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी कव्वालीच्या ठेक्यावर वस्त्या जागवल्या. रात्रभर सवाल-जवाब चालायचे, एक पार्टी दुसऱ्या पार्टीला कोड्यात पकडायची, टाळी आणि हजरजबाब यांवर मैदान मारले जायचे. आज दोन रॅपर एकमेकांना गाण्यातून उत्तर देतात, तेव्हा पोरांना तो अमेरिकेहून आलेला प्रकार वाटतो. त्यांच्या आज्याने तो वस्तीतल्या मांडवात पहाटेपर्यंत बसून ऐकलेला आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादांपर्यंत, विठ्ठल उमपांपासून विलास घोगरेंपर्यंत आपल्या चळवळीने गाण्यावर पावले टाकली. रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये, विलास घोगरे यांनी आपला जीव दिला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी, संविधान दिनी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर गाता-गाता लोकशाहीर विठ्ठल उमप कोसळले. ही आपली परंपरा आहे. तिच्या शेजारी आजच्या पोराला उभे करून बघितले, तर साम्यही दिसते आणि फरकही.

फरक सांगताना आम्ही हातचे राखणार नाही. स्टॅनच्या गाण्यांत बाईविषयी जी भाषा येते, ती आम्हाला मान्य नाही. कोणत्याही समाजाची प्रगती त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवर मोजावी, हे बाबासाहेबांनी १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. हिंदू कोड बिल अडवले गेले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यांची जयंती साजरी करणाऱ्या मिरवणुकीत आयाबहिणींच्या नावाने शिव्या वाजाव्यात, हे आपल्याला चालणार नाही. दुसरे, गळ्यातली जाड साखळी आणि पायातले ऐंशी हजारांचे बूट म्हणजे मुक्ती नव्हे. ज्याच्या बापजाद्यांना चपला हातात घेऊन गावातून जावे लागले, त्याला महागड्या बुटाचा अभिमान का वाटतो हे आम्हाला समजते. पण समजणे आणि मानणे यांत अंतर आहे. मात्र इंदूरला व्यासपीठावर चढलेल्यांचा कैवार आम्ही घेणार नाही. शिव्यांचा राग असता तर होळीला रस्त्यावर, विधिमंडळात आणि वाहिन्यांवर तो दिसला असता. वस्तीतला मुसलमान पोरगा माइक हातात घेतो, हे दुखणे जुने आहे.

आणि शिवी नसली तरी गाणे चालतेच असे नाही. एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. साखळी घातलेला रॅपर वाहिनीला चालतो; सत्तेला हिशेब विचारणारा रॅपर पोलीस ठाण्यात बसतो. पोरांनी हेही ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. रॅपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागातला. ऑगस्ट १९७३ मधली कूल हर्कची मैफल ही त्याची सुरुवात मानतात. पुढची वीस वर्षे न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस ही दोन शहरेच रॅपची मालक असल्यासारखी वागली. अमेरिकेचा दक्षिण भाग म्हणजे कापसाच्या शेतांचा, गुलामगिरीचा, नंतर अर्धेलीने जमीन कसणाऱ्या काळ्या माणसांचा मुलूख. तिथल्या गायकांची बोली गावंढळ ठरवली जाई. १९९५ मध्ये न्यूयॉर्कला एका पारितोषिक समारंभात अटलांटाच्या ‘आउटकास्ट’ या जोडीला पारितोषिक मिळाले, तेव्हा सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. त्यांच्यातल्या आंद्रे बेंजामिनने तिथेच ठणकावले, की दक्षिणेलाही काही सांगायचे आहे. या जोडीने आपले नावच ‘जातीबाहेर टाकलेला’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून घेतले होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि काळ्यांच्या स्थितीतले साम्य सांगितले होते. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथरकडे बघून दलित पँथर उभी केली. तेव्हा या दक्षिणेशी आपले नाते सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही.

या दक्षिणेतला एक माणूस आमच्या विषयाला फार उपयोगी आहे. न्यू ऑर्लिन्सच्या सरकारी चाळीत वाढलेला पर्सी मिलर, रॅपमधले नाव मास्टर पी. आजोबांच्या मृत्यूनंतर भरपाईपोटी आलेल्या दहा हजार डॉलरमधून त्याने कॅलिफोर्नियात रेकॉर्डचे दुकान टाकले. स्वतःच्या कॅसेटी मोटारीच्या डिकीत घालून विकल्या. मोठ्या कंपन्या दारात आल्या, तेव्हा त्याने एकरकमी पैसे बघितले नाहीत. १९९६ मध्ये त्याने ‘प्रायॉरिटी’ या कंपनीशी करार केला, त्यात मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी स्वतःकडे ठेवली आणि नफ्याचा ८५ टक्के वाटा घेतला. कंपनीकडे राहिले ते मुख्यतः वितरण. त्याच्यापेक्षा चांगले गाणारे त्या काळात पुष्कळ होते. त्याच्याइतका चांगला कागद क्वचित कुणी केला.

आता आपल्या देशाच्या दक्षिणेत या. तामिळनाडूच्या अरक्कोणमचा अरिवु हा आंबेडकरी विचारांचा कवी आणि रॅपर. दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या गानसमूहातून तो पुढे आला. जानेवारी २०१८ मध्ये चेन्नईत या समूहाने पहिला जाहीर कार्यक्रम केला. मार्च २०२१ मध्ये ‘एंजॉय एंजामी’ हे गाणे आले. अरिवुच्या आजीने श्रीलंकेच्या चहामळ्यात मजुरी केली होती. भूमिहीन मजुरांचे ते दुःख त्या गाण्याच्या मुळाशी आहे. गाणे जगभर गेले. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन’च्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर सहगायिका धी आणि दुसरा एक गायक झळकले, अरिवु नाही. पा. रंजित यांनी जाहीर आक्षेप घेतल्यावर पुढे त्याचेही मुखपृष्ठ निघाले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे अरिवुशिवाय सादर झाले. तेव्हा हे गाणे रचले, लिहिले आणि गायले ते मीच, असे त्याने जाहीरपणे मांडले. संगीतकार संतोष नारायणन आणि धी यांनी गाणे सर्वांचे मिळून असल्याचे म्हटले. मार्च २०२४ मध्ये खुद्द नारायणन यांनीच सांगितले, की या गाण्याचा एक पैसाही आम्हा तिघांपैकी कुणाला मिळालेला नाही. श्रेयाचा निवाडा आम्ही करत नाही. पण कोट्यवधी लोकांनी ऐकलेल्या गाण्याच्या कर्त्यांची ही गत, तर राहूच्या पोराची काय होईल?

आम्ही हे हवेत बोलत नाही. आमच्या वस्तीतला एक पोरगा मध्यंतरी आमच्याकडे करारपत्र घेऊन आला. दिवसा गुऱ्हाळावर काम, रात्री मोबाईलवर गाणी. त्याचे एक गाणे पंचक्रोशीत गाजले आणि एका संगीत कंपनीने त्याला कागद पाठवला. अकरा पाने, सगळी इंग्रजीत. मोबदला: एकदाच, काही हजार. त्या बदल्यात गाणे, चाल, आवाज, व्हिडिओ, पुढे निघणारी प्रत्येक आवृत्ती, सगळे काही सगळ्या जगासाठी, कायमचे कंपनीचे. वाद झाला तर न्यायालय परराज्यातले. खाली सहीची जागा. पोरगा म्हणाला, “साहेब, बाकी राहू द्या, एवढंच सांगा, सही कुठं करू?”

ह्या एका वाक्यात आमचा सगळा इतिहास आहे. महार वतनाच्या जमिनी आपल्या हातून कशा गेल्या, ते आठवा. उसने धान्य, लग्नासाठी पैसे, आजारपण, आणि मग कुलकर्ण्याच्या नाहीतर सावकाराच्या पुढ्यात अंगठा. कागदावर काय लिहिले आहे हे वाचायला येत नव्हते, वाचून दाखवणाराच घेणारा होता. वतनाची गुलामी मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने गेली ती १९५८ नंतर. तोवर पुष्कळ सातबारे फिरले होते. बापजाद्यांचा अंगठा शाईत बुडवून घेतला गेला. नातवाचा अंगठा मोबाईलच्या काचेवर ‘मान्य आहे’ या खुणेवर दाबून घेतला जातो. शाई गेली, अंगठा तोच राहिला.

पण आज कायदा पूर्वीसारखा नाही, आणि तो आपल्या पोरांना ठाऊक व्हावा म्हणूनच हा लेखप्रपंच. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. ती व्हावी म्हणून राज्यसभेत कवी जावेद अख्तर यांनी आवाज उठवला होता. या कायद्यातल्या सहा गोष्टी वस्तीतल्या प्रत्येक गाणाऱ्याने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, गाणे लिहिले की हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. नोंदणीचा उपयोग पुराव्यासाठी. दुसरी, कलम १८ नुसार गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा समान वाटा त्यांच्या सहीनेही जात नाही. तो वारसांना किंवा हक्कवसुली करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. या विरुद्ध लिहिलेला करार रद्दबातल. म्हणजे आमच्या पोराच्या अकरा पानांतले ते कलम कायद्यापुढे टिकणारे नाही. तिसरी, कलम १९ नुसार हक्क लेखी आणि सहीनेच देता येतो. कोणते गाणे, कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात, किती मोबदला, हे त्यात हवे. काळ लिहिला नसेल तर पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच, असे कायदा मानतो. चौथी, कलम ५७ नुसार पैशाचे हक्क दिले तरी ‘हे गाणे माझे’ म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. पाचवी, कलम ६२ नुसार हक्कभंग झाला तर कर्ता जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. राहूच्या पोराला पुण्याचे न्यायालय आहे. सहावी, अठरा वर्षांखालील मुलाशी केलेला करार मुळातच निरर्थक. प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबीच्या खटल्यात तसे ठरवले, आणि आजही तोच कायदा आहे. सोळाव्या वर्षी सही केली म्हणून घाबरून बसलेल्या पोरांनी हे आधी वाचावे.

हाच कायदा मागे वळूनही बघायला लावतो. साहित्य आणि संगीत यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. त्यांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. देशवंडीसारख्या खेड्यातून निघून, महाराष्ट्रभर पायपीट करून वामनदादांनी हजारो गीते लिहिली. ती कॅसेटवर निघाली, जयंतीला वाजली, आज इंटरनेटवर जागोजागी आहेत. त्यांतल्या कित्येक गाण्यांखाली कवीचे नावही नसते. प्रस्थापितांना दोष देण्याआधी आपण आपल्या जयंती मंडळांना विचारू या, की डी.जे.ला लाखभर रुपये मोजताना कवीच्या नावाची एक ओळ जाहीर करायला काय लागते?

स्टॅनने कोणत्या कंपनीशी कोणते करार केले, ते त्याचे त्याच्याजवळ. त्याच्याकडे आता वकील ठेवण्याची ऐपत आहे. आमची काळजी त्याच्या मागे उभ्या असलेल्या रांगेची आहे. ‘बिग बॉस’ जिंकणारा एक असतो. रांगेतले हजारो पोरे आपल्या वस्तीची बोली, आजीच्या ओव्या, बापाच्या शिव्या, मिरवणुकीतला ठेका, सगळे गाण्यात ओतून ते कुणाच्यातरी सर्व्हरवर ठेवतात. तिथे कसणारा आपला, आणि पीक दुसऱ्याच्या खळ्यावर.

म्हणून आम्ही राहूतल्या आणि आसपासच्या गावांतल्या मंडळांपुढे काही गोष्टी ठेवतो. समाजमंदिरात अभ्यासिका आहे, तिथे महिन्यातून एक दिवस गाणाऱ्या पोरांसाठी करारवाचन ठेवावे. तालुक्याच्या न्यायालयात आपले वकील आहेत, त्यांनी फी न घेता हे काम करावे. आम्ही त्याला बांधील आहोत. प्रत्येक गाणाऱ्याने गाणे लिहिल्याची तारीख घालून वही ठेवावी, गाणे चढवण्याआधी स्वतःलाच ई-मेलने पाठवून ठेवावे. गीतकारांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासद व्हावे. आणि जयंतीच्या व्यासपीठावर एक तास रॅप करणाऱ्या पोरा-पोरींना द्यावा. अट एकच, बाईचा अपमान नको. बाकी त्यांना जे बोलायचे ते बोलू द्यावे. जलसा सुरू झाला तेव्हाही जुन्या मंडळींनी नाकेच मुरडली होती.

‘शिका’ हा शब्द बाबासाहेबांनी सर्वांत आधी ठेवला. शिकण्यात कागद वाचणे येते. आमच्या त्या पोराने करारावर सही केली नाही. आम्ही कंपनीला मराठीत दोन पानी उत्तर पाठवले: पाच वर्षे मुदत, भारतापुरता हक्क, नाव ठळक, रॉयल्टी कायद्याप्रमाणे. कंपनीकडून अजून उत्तर आलेले नाही. पोरगा रोज विचारतो. आम्ही सांगतो, थांब. गाणे तुझे आहे, घाई त्यांना असू दे. तोवर तो दुसरे गाणे लिहितो आहे, आणि वहीत वरच्या कोपऱ्यात तारीख घालतो आहे.

जयभीम.